पीळ न सोडणारी वायर

सोल्डरिंग आयर्न घेताना माणसं वॉट विचारतात, बिट, म्हणजे तापणारं टोक, कुठली येते ते विचारतात, टेंपरेचर कंट्रोल आहे का ते विचारतात. वायरीबद्दल सहसा कुणी विचारत नाही. ती असतेच. आयर्नबरोबर येते, प्लगात जाते, विषय संपला. माझी खोड वेगळी आहे. नवा आयर्न हातात आला की मी तो कामाला धरतात तसा धरतो, आडवा करतो आणि हँडलातून निघालेली वायर कशी पडते ते बघतो. मुकाट खाली लोंबली तर पुढचं बोलू. वीतभर हवेत ताठ राहून मग नाइलाजाने वाकली, तर त्या आयर्नचं आणि माझं फार काळ जमणार नाही, मग त्याची बिट सोन्याची का असेना.

हे नखरे वाटतील. ट्रान्सफॉर्मरच्या जाड टर्मिनलवर सोल्डर मारणाऱ्यासाठी ते नखरेच आहेत. पण बारीक आयसीच्या (चिपच्या) पायांवर काम करून बघा. दोन पायांच्या मध्यांमधलं अंतर १.२७ मिमी, छोट्या आयसींत ०.५ मिमी. बिट त्या पायावर टेकवून एक-दोन सेकंद स्थिर ठेवायची असते. अशा वेळी ताठ वायर आयर्नला मागून ढकलते, थोडा फिरवतेही, आणि बोटं नकळत उलटा जोर लावत बसतात. हा जोर कामाच्या नादात जाणवत नाही. तासाभराने मनगट भरून येतं, तेव्हा आपण दोष देतो खुर्चीला, चष्म्याला नाहीतर वयाला.

स्टँडवर तर ही वायर आणखी खोड्या काढते. आयर्न स्प्रिंगमध्ये नीट ठेवलेला असतो, आपण पुढच्या कामाला वळतो आणि टेबलाच्या कडेवरून गेलेली ताठ वायर हळूहळू आपल्या मूळ वळणावर यायला बघते. आयर्न सरकतो. हलका असला तर उचलूनच बाहेर येतो. पडणारा आयर्न झेलायचा नाही, हे शिकणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगतात, कारण हात आपसूक पुढे जातो आणि पकड नेमकी बिटमागच्या तापलेल्या नळीवर बसते. पण आयर्न पडतोच का, हे मात्र कुणी सांगत नाही. बऱ्याचदा तो वायरीने ओढलेला असतो.

म्हणून लवचीक वायर म्हणजे सोय आणि सुरक्षित वायर म्हणजे वेगळं प्रकरण, ही वाटणी मला पटत नाही. ताठ वायर आयर्न पाडते, बिटच्या वाटेत येते, टेबलावर वेटोळं घालून नेमकी तिथे बसते जिथे आपण न बघता हात फिरवणार असतो. लवचीकपणा हाच सुरक्षिततेचा पहिला भाग आहे. अडचण अशी, की सुरक्षिततेचे बाकीचे भाग, म्हणजे जाड आवरण, तिसरी कोअर (केबलच्या आतली अर्थची तार), दुहेरी इन्सुलेशन, हे सगळे वायरीला ताठ करत जातात. चांगली वायर निवडणं म्हणजे ही ओढाताण कुठे मिटते ते शोधणं.

सुरुवात पीव्हीसीपासून करावी लागते, कारण बहुतेक साध्या आयर्नला तीच वायर असते. पीव्हीसी मुळात मऊ नाहीच. निव्वळ पीव्हीसी पाण्याच्या पाइपासारखं कडक असतं, साधारण ८० अंशांच्या आसपास ते ढिलं पडतं. १९२६ साली अमेरिकेत वॉल्डो सेमन यांनी त्यात प्लास्टिसायझर मिसळून ते रबरासारखं मऊ केलं, आणि आजही वायरीचं पीव्हीसी मऊ राहतं ते त्या तेलकट द्रव्याच्या जिवावर. हे द्रव्य आत कायमचं बांधलेलं नसतं. उष्णतेने ते हळूहळू उडतं, शेजारच्या वस्तूतही झिरपतं. ड्रॉवरमध्ये पीव्हीसीची वायर पॉलिस्टायरिनच्या पारदर्शक डबीला चिकटून बरेच दिवस राहिली, तर उचलताना डबीवर वायरीच्या मापाची खाच उमटलेली दिसते. चिकट, ओलसर, जणू कुणी तिथे गरम तार टेकवली होती. गरम काहीच नव्हतं. वायरीतून निघालेल्या प्लास्टिसायझरने प्लास्टिक विरघळवलं. डबीत गेलं तेवढं वायरीतून कमी झालं, आणि तेवढी वायर कडक झाली.

त्यात पीव्हीसीला आठवण दांडगी. कारखान्यात ज्या घडीत बांधली, ती घडी ती विसरत नाही. थंड खोलीत तर अजूनच हट्टी होते. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसं बिटचे डाग खाऊन खाऊन आवरण जागोजाग वितळलेल्या वायरीही मी पाहिल्या आहेत, ज्यांची पहिल्या दिवसाची वळणं शाबूत होती.

आणि डाग पडतातच. साध्या पीव्हीसी वायरीची मर्यादा ७० अंश सेल्सिअस असते, खास प्रकारांत ९० किंवा १०५. कथील-शिशाचं ६३/३७ सोल्डर वितळतं १८३ अंशांना, नेहमीचं शिसेविरहित सोल्डर २१७च्या पुढे, आणि काम पटकन व्हावं म्हणून बिट ठेवलेली असते ३२० ते ३८०च्या दरम्यान. म्हणजे ज्या वस्तूची सहनशक्ती ७० अंश, तिला साडेतीनशे अंशांच्या धातूच्या शेपटाला बांधून आपण दोघांना एकाच टेबलावर फिरवत असतो. बिट पीव्हीसीला लागली की क्षणात आत रुतते. मग तो वास येतो, घशाला झोंबणारा. त्यात हायड्रोजन क्लोराइड असतो.

घरगुती विद्युत उपकरणांच्या आयईसी ६०३३५-१ या आंतरराष्ट्रीय मानकात याचा विचार झालेला आहे. ज्या उपकरणाचे बाहेरचे धातूचे भाग भोवतालच्या हवेपेक्षा ७५ अंशांहून जास्त तापतात, त्याला पीव्हीसीची वायर लावू नये, असा सर्वसाधारण नियम आहे. पळवाटही आहे: नेहमीच्या वापरात वायर त्या भागाला लागण्याची शक्यता नसेल अशी उपकरणाची रचना असेल तर चालेल. सोल्डरिंग आयर्नच्या बाबतीत ही पळवाट वाचून मला हसू येतं. ज्याने कधी दाटीवाटीच्या टेबलावर काम केलंय, तो ‘शक्यता नसेल’ असं कधी म्हणणार नाही.

आता बिट वायरीत रुतल्यावर पुढे काय होतं, ते कोअर किती आहेत यावर ठरतं. शिकायला येणाऱ्या एका मुलाने एकदा विचारलं होतं, “सर, दोन पिनचा आयर्न इतकी वर्षं चालतोय, तिसरी वायर पाहिजेच कशाला?” प्रश्न रास्त आहे, कारण तिसरी कोअर आली की वायर जाड आणि ताठ होते, म्हणजे मी वर ज्याची तक्रार केली तेच. पण समजा, बिट आवरण भेदून फेजच्या तारेला टेकली. बिट आणि नळी अर्थला जोडलेली असेल, तर तिथल्या तिथे शॉर्ट होतो, ठिणगी उडते, एमसीबी पडतो. भीती वाटते, पण प्रकरण तिथे संपतं. दोन कोअरच्या आयर्नमध्ये तसं काही होत नाही. दिवा विझत नाही, आवाज नाही, काही नाही. फक्त त्या क्षणापासून बिट, नळी आणि बिट ज्याला ज्याला टेकेल ते सगळं फेजवर असतं, आणि दुसऱ्या हाताने आपण बोर्ड धरलेला असतो. ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (गळती ओळखून वीज तोडणारं स्विच) असेल तर ते मदतीला येईल, पण तेव्हा, जेव्हा करंट कुणाच्या तरी अंगातून जायला लागलेला असेल.

मुलाला मी एवढंच सांगून सोडलं नाही. मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावून एक प्रोब अर्थला आणि दुसरा दोन पिनच्या तापलेल्या बिटला लावायला सांगितला. वायर धडधाकट होती, आयर्नही व्यवस्थित, तरी मीटरवर बरेच व्होल्ट दिसले. एलिमेंट आणि नळी यांच्यात मायका किंवा सिरॅमिक असतं, पण त्यातूनही थोडी गळती होतेच. करंट मायक्रोअँपिअरमध्ये असल्याने माणसाला फार तर मुंग्या येतील. मॉसफेट जातीच्या ट्रान्झिस्टरच्या गेटला मात्र साधारण २० व्होल्टच्या पलीकडचं सोसत नाही. चांगला आयसी बसवला आणि सुरूच झाला नाही, याचं खापर आयसीवर फुटतं. म्हणून इलेक्ट्रॉनिक्सच्या कामात बिटपासून प्लगच्या अर्थ पिनपर्यंतचा रोध २ ओहमच्या आत असावा असं धरतात. मोजताना बिट आणि नळी यांच्यातला काळा थर खरवडून घ्यावा, नाहीतर वायर निर्दोष असूनही आकडा वाढलेला दिसतो. (अर्थ केलेल्या बिटने चालू सर्किटला हात लावायचा नाही, हे ओघाने आलंच. तिथे ती स्वतःच शॉर्ट घडवते.)

तीन कोअर हव्यात आणि वायर लोंबायलाही हवी, तर मग सिलिकॉन. याच्या रेणूच्या साखळीत कार्बनऐवजी सिलिकॉन आणि ऑक्सिजन आलटून पालटून येतात. हा बंध कार्बन-कार्बनपेक्षा मजबूत, म्हणून १८० अंश तो सतत सोसतो. आणि साखळी जागच्या जागी सहज फिरते, म्हणून शून्याखाली ५०-६० अंशांपर्यंत मऊ राहतो. कुठलंही प्लास्टिसायझर न घालता! उडून जायला काही नाहीच, त्यामुळे जुनी सिलिकॉन वायर जुन्या पीव्हीसीसारखी वाळत नाही. साडेतीनशे अंशांची बिट चुकून घासून गेली, तर फार तर फिकट डाग पडतो. मुद्दाम दाबून धरली तर तोही खराब होतो, पण वितळून ओघळत नाही. जळाला तर मागे पांढरी राख उरते, ती सिलिकाची, आणि तीही वीज अडवते.

इतकं कौतुक केल्यावर त्याची खोडही सांगायला हवी. सिलिकॉन फाटतो. उष्णतेला भीक न घालणारी ही वायर कटरच्या टोकाला शरण जाते. कापलेल्या कंपोनंटचा अणकुचीदार पाय टेबलावर पडलेला असावा, त्यावरून वायर ओढली जावी, आणि आवरणावर केसाएवढी चीर पडावी. पीव्हीसीत ती चीर तशीच राहिली असती. सिलिकॉनमध्ये दर वाकण्यागणिक ती पुढे सरकते. म्हणून ज्या टेबलावर सोल्डरिंगपेक्षा कापाकापी आणि पत्र्याचं काम जास्त, तिथे मी सिलिकॉनचा आग्रह धरत नाही. तिथे रबरी वायर बरी. जड असते, पण रबर वितळत नाही, करपतं. जुन्या आयर्नना रबरावर सुती वीण असलेली वायर यायची, ती दिसायला गबाळी असली तरी कल्पना नामी होती: बिट लागली तर आधी सूत काळं पडायचं आणि वेळेवर कळायचं. टेफ्लॉन तर २६० अंश सोसतं, पण त्याची केबल इतकी ताठ की हातातल्या आयर्नला ती लावणं म्हणजे मनगटाशी वैर.

सिलिकॉनच्या नावाखाली वाट्टेल ते खपतं, हाही एक ताप आहे. कधी वरचं आवरण सिलिकॉनचं आणि आतल्या कोअर पीव्हीसीच्या, कधी नुसतंच मऊ प्लास्टिक. ओळखायचं तर बोटभर तुकडा उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून जाळून बघावा. सिलिकॉन पांढरी राख ठेवतो. पीव्हीसी काळं पडतं, काजळी सोडतं. अजून खात्री हवी असेल तर तांब्याची तार ज्योतीत लाल करून आवरणाला टेकवायची आणि पुन्हा ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली तर क्लोरीन आहे, म्हणजे पीव्हीसी. रसायनशास्त्रात याला बाइलश्टाइनची चाचणी म्हणतात. वरचं आवरण तपासून थांबू नये, आतल्या कोअरचंही आवरण तपासावं.

केबलवर छापलेलं वाचता आलं तर जाळपोळीची गरज कमी होते. युरोपीय पद्धतीत एच ०५ व्हीव्ही-एफ म्हणजे ३००/५०० व्होल्टची, आतबाहेर पीव्हीसी असलेली, बारीक तारांची केबल. त्या व्हीव्हीच्या जागी एसएस दिसलं की दोन्ही थर सिलिकॉनचे. आरआर असेल तर रबर. अर्थात छापणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर हे सगळं.

आवरणाबद्दल एवढं बोललो, पण वायर मोडते ती आतून. आणि जवळजवळ नेहमी एकाच जागी: हँडलातून बाहेर पडते तिथे, तोंडाशी वायरीवर असलेला रबरी बूट संपतो त्याच्या आसपास. अशी एक वायर मी तिथे लांबीने चिरून उघडली होती. आवरणावर ओरखडाही नव्हता. आत तांब्याच्या तारांची टोकं एकमेकांपासून सुटून झाडूसारखी फुलली होती, काही काळवंडलेली, आणि दोन-तीन तारा फक्त शाबूत. आयर्न त्या दोन-तीन तारांवर चालू होता, हँडल एका बाजूला झुकलं की तापायचा, दुसऱ्या बाजूला थंड पडायचा.

इथे हिशोब सोपा आहे. तार वाकते तेव्हा तिच्या बाहेरच्या कडेवर ताण येतो, आणि तो तारेची त्रिज्या भागिले वळणाची त्रिज्या इतका असतो. १० मिमी त्रिज्येच्या वळणावर ०.२ मिमी जाडीच्या तारेला १ टक्का ताण बसतो. तीच तार ०.०८ मिमी जाडीची असेल तर ०.४ टक्के. वारंवार वाकणाऱ्या तांब्यासाठी हा फरक प्रचंड आहे. तांबं दर वाकण्याला थोडं कडक होत जातं आणि शेवटी तुटतं. ०.७५ चौरस मिमीची कोअर ०.२ मिमीच्या २४ तारांचीही बनते आणि ०.०८ मिमीच्या १५० तारांचीही. करंट दोन्ही सारखाच वाहतील, पण हाताला दोन्ही वेगळ्या लागतात आणि टिकतातही वेगळ्या. आयईसीच्या त्याच मानकात वायर आणि उपकरण यांचा सांधा यंत्रावर १०,००० वेळा, न बदलता येणाऱ्या वायरीसाठी २०,००० वेळा, वाकवून बघतात, आणि कुठल्याही कोअरच्या दहा टक्क्यांहून जास्त तारा तुटलेल्या चालत नाहीत.

करंटची काळजी मात्र फुकाची. २५ वॉटचा आयर्न २३० व्होल्टवर जेमतेम ०.११ अँपिअर घेतो, ६० वॉटचा ०.२६. त्यामुळे ‘जाड वायर म्हणजे चांगली वायर’ हा नियम इथे उलटा लागू होतो. जाडी हवी ती ओढ सोसण्यापुरती. तांबं खरं आहे ना, एवढं बघावं. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या तारा खरवडल्या की पांढऱ्या दिसतात, आणि वाकण्याच्या बाबतीत त्या अगदीच नाजूक.

एक धोक्याची सूचना. बॅटरीच्या कामाला मिळते ती सुटी, एकेरी सिलिकॉन वायर अत्यंत मऊ असते आणि मोह होतो. २३० व्होल्टच्या आयर्नला ती लावायची नाही, तीन वायरी एकत्र पिळून तर नाहीच. तिच्यावर एकच थर आहे, आणि चीर पडली की खाली थेट फेज. मेन्सला, म्हणजे भिंतीतल्या २३० व्होल्टला, हवी ती वरून वेगळं आवरण असलेली केबल.

वायर बदलायला हँडल उघडलं की आत एक गंमत दिसते. सोल्डर मारण्याच्या या यंत्रात सोल्डरचा सांधा सापडत नाही. एलिमेंटच्या तारा काचतंतूच्या स्लीव्हमधून येतात आणि वायरीला क्रिंपने (धातूची नळी दाबून) किंवा सिरॅमिकच्या स्क्रू टर्मिनलने जोडलेल्या असतात, कारण तिथली उष्णता सोल्डरला भरवशाचं ठेवत नाही. आपल्या हाताला मात्र सवय अशी, की बारीक तारा दिसल्या की आधी टिनिंग करायचं, म्हणजे त्यांवर सोल्डर चढवायचं. स्क्रूखाली ते करू नये. दाबाखाली सोल्डर हळूहळू पसरतं, स्क्रू सैल होतो, सांधा तापतो. तारांच्या टोकावर फेरूल, म्हणजे धातूची टोपी, लावून क्रिंप करावं. अर्थची कोअर फेज-न्यूट्रलपेक्षा थोडी लांब ठेवावी, म्हणजे वायर उपटली गेलीच तर अर्थ सगळ्यात शेवटी सुटेल. आणि ओढ घेणारी क्लँप आवरणावर बसवायची, आतल्या कोअरवर नाही. सिलिकॉनवर ती फार आवळली तर कापते, सैल ठेवली तर वायर निसटते. इथे घाई करणाऱ्याचं काम पुन्हा उघडावं लागतं.

या सगळ्या ओढाताणीतून सुटायचा खरा मार्ग म्हणजे हँडलात मेन्स आणायचीच नाही. सोल्डरिंग स्टेशनचा, म्हणजे टेबलावर ठेवायच्या पेटीचा, ट्रान्सफॉर्मर २४ व्होल्ट देतो, हातातली केबल तेवढंच वाहते, त्यामुळे आवरण पातळ चालतं. ६० वॉटला २.५ अँपिअर. सव्वा मीटरच्या आतबाहेरची केबल ०.२ चौरस मिमीची असली तरी ६० वॉटचे ५७ पोचतात. तोच आयर्न १२ व्होल्टचा असेल तर ५ अँपिअर लागतात आणि तीच केबल ५१ वॉटच पोचवते. म्हणून १२ व्होल्टवर तारा जाड हव्यात. यूएसबी-सीच्या आयर्नचं गणितही असंच: २० व्होल्टवर चालवला तर केबलवर भार कमी, आणि ३ अँपिअरच्या वर जायचं तर केबलमध्ये तिची क्षमता सांगणारी ई-मार्कर चिप लागतेच. त्या केबली मोबाइलसाठी बनवलेल्या आणि बऱ्याचदा ताठ असतात, म्हणून आयर्नसाठी सिलिकॉन आवरणाची वेगळी घेतलेली बरी. बिटचा अर्थ मात्र इथे विसरायचा नाही. दोन पिनच्या ॲडॉप्टरवरचा आयर्नही गळतीच्या व्होल्टवर तरंगतो, आणि त्याला अर्थची वेगळी वायर जोडावी लागते.

स्टेशनच्या मागून भिंतीकडे जाणारी वायर पीव्हीसीची असली तर मी काही बोलत नाही. ती बिटपासून लांब असते आणि हलत नाही. हँडलाची केबल सव्वा ते दीड मीटर, त्याहून जास्त नको. उरलेली लांबी टेबलावरच साठते. ती खांद्याच्या उंचीवरच्या हुकातून खाली सोडली तर तिचं वजन हातावर येत नाही आणि बिटच्या वाटेतही ती येत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी प्लग काढून मल्टिमीटर कंटिन्युटीवर लावावा, बुटाजवळ वायर चारी दिशांना वाकवत बीप तुटतो का ऐकावा, आणि तपासणी अर्थच्या कोअरपासून सुरू करावी. फेज तुटली तर आयर्न थंड पडून स्वतः सांगतो. अर्थ तुटल्यावर तो पूर्वीसारखाच तापतो.